दहांत एकदा

सेहेचाळीस वर्षांच्या प्राध्यापिकेने लहान मुलांचे एक लाकडी खेळणे हाती घ्यावे, आणि वर त्याविषयी विद्वानांच्या नियतकालिकात लिहावे, यात थोडा संकोच वाटण्याजोगे आहे हे मी मान्य करते. तरीही हा लेख लिहिते आहे. त्याचे कारण असे की त्या खेळण्याने मला गेल्या हिवाळ्यात एक प्रश्न विचारला. माझ्या विषयातील सहकाऱ्यांनी आणि परीक्षकांनी तो मला वीस वर्षांत सौजन्यापोटी विचारला नव्हता. एका परीक्षकाने तेवढा सूचित केला होता. त्या परीक्षकांकडे मी पुढे येणारच आहे.

गेल्या एप्रिलपासून मी हिरोशिमा परिसरातील एका विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापिका म्हणून राहत आहे. येथे शैक्षणिक वर्ष चेरीच्या बहराबरोबर सुरू होते. हिरोशिमाहून मियाजिमाच्या धक्क्याकडे जाणाऱ्या ट्रामच्या मार्गावर हात्सुकाइची नावाचे गाव लागते. नावाचा अर्थ 'विशीचा बाजार'. महिन्याच्या विसाव्या तिथीला तेथे बाजार भरे. आपल्याकडे वारांवरून पेठांना नावे पडली, तसेच हे. या गावातच केनदामाला आजचे रूप मिळाले, आणि याच गावाच्या एका सार्वजनिक सभागृहात दर शनिवारी दुपारी मी केनदामा शिकायला जाते.

ज्यांनी केनदामा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन. वीतभर लांबीचा एक लाकडी दांडा. त्याचे वरचे टोक अणकुचीदार, खालचे टोक उथळ खोलगट. दांड्यावर आडवा बसवलेला एक ठोकळा; त्याच्या एका बाजूस मोठी बशी, दुसऱ्या बाजूस लहान. दांड्याला दोरीने बांधलेला, सुमारे सहा सेंटिमीटर व्यासाचा एक लाकडी चेंडू, आणि त्या चेंडूला अणी शिरेल एवढे एक छिद्र. 'केन' म्हणजे तलवार, 'तामा' म्हणजे चेंडू. चेंडू उडवायचा आणि तीन बश्यांपैकी एकीत झेलायचा किंवा अणीवर ओवायचा, एवढाच खेळ. या एवढ्यातून शेकडो प्रकार निघतात.

खेळ जुना आहे. १८०९ साली छापलेल्या एका जपानी पुस्तकात त्याचे वर्णन मद्यपानाच्या बैठकीतील करमणूक म्हणून येते; ज्याचा झेल चुकला त्याने प्यायचे. झेल चुकण्याला शिक्षा म्हणावे की बक्षीस, हे बैठकीवर अवलंबून असणार. सोळाव्या शतकातील फ्रान्समध्ये त्याचा एक भाऊबंद दरबारी लोकांच्या हाती होता. आजचे रूप मात्र विसाव्या शतकातले. कुरे या जवळच्या बंदरगावचे एगुसा हामाजी यांनी त्याची नोंदणी केली ती १९१९ साली, आणि नाव दिले 'निचिगेत्सु बॉल', म्हणजे सूर्यचंद्राचा चेंडू. लाल चेंडू हा सूर्य आणि बशीची कड ही चंद्रकोर. उत्पादनासाठी हात्सुकाइची निवडले गेले, कारण तेथे चरकावर लाकूड कातणारे कारागीर होते. मी सावंतवाडीची. आमच्याकडेही चरकावर कातलेल्या आणि लाखेने रंगवलेल्या खेळण्यांवर काही घराण्यांचे पोट चालत आले आहे. सभागृहाच्या कपाटातला पहिला केनदामा हातात घेतला तेव्हा कातीव लाकडाचा तो गुळगुळीत गारवा हाताच्या ओळखीचा निघाला. मी या वर्गात रमले त्यात या ओळखीचा वाटा मोठा आहे.

वर्गात आम्ही अकरा जण. दहा मुले, सहा ते अकरा वर्षांची; अकरावी मी. शिकवणारे गृहस्थ लाकूडकामातून निवृत्त झालेले, मितभाषी, पंचाहत्तरीच्या घरातले. मी त्यांना 'सेन्सेई' म्हणते, कारण ते माझे गुरू. तेही मला 'सेन्सेई' म्हणतात, कारण मी विद्यापीठात शिकवते. मुले मला 'इंदो नो सेन्सेई' म्हणतात, भारतातल्या बाई. त्यांच्यापैकी आठ वर्षांची एक मुलगी माझ्यापेक्षा कितीतरी श्रेण्या पुढे आहे. माझा चेंडू जमिनीकडे झेपावला की ती शांतपणे एकच शब्द उच्चारते : 'हिझा', म्हणजे गुडघे. केनदामा हाताचा खेळ आहे असे पाहणाऱ्याला वाटते. खरे तर तो गुडघ्यांचा आहे. चेंडू सरळ वर ओढायचा, त्याच्याबरोबर उठायचे, आणि तो खाली येताना त्याच्याबरोबर वाकायचे, म्हणजे तो बशीवर आपटून उसळत नाही.

पहिल्या दिवशी पहिला प्रकार सांगितला गेला : 'ओझारा', मोठ्या बशीत झेलणे. जपानी शब्दात 'ओ' म्हणजे मोठी आणि 'झारा' हे 'सारा' म्हणजे बशी या शब्दाचे समासातील रूप. पण माझ्या कानाला ऐकू आला तो आपला स्वयंपाकघरातला झारा. कढईतून पुऱ्या काढाव्यात तसा चेंडू हवेतून काढायचा, असे चित्र क्षणात मनात उभे राहिले, आणि गंमत अशी की पहिला झेल त्या चित्रामुळेच साधला असावा. घरी येऊन कोश उघडला तेव्हा चूक कळली. चूक निरुपद्रवी होती. परंतु अनोळखी शब्द कानावर पडताच कान त्याला ओढून आपल्या घरी नेतो, ही सवय निरुपद्रवी नाही. तिच्याविषयी पुढे लिहायचे आहे म्हणून ही आठवण येथे नोंदवून ठेवते.

१९७५ साली बालसाहित्यकार फुजिवारा इस्सेई यांनी जपान केनदामा संघटना स्थापन केली आणि या खेळाला नियम व श्रेणी यांची चौकट मिळाली. दहावी श्रेणी सर्वांत खालची, पहिली सर्वांत वरची. तिच्यापुढे 'दान', म्हणजे प्रावीण्याच्या पायऱ्या. दहा श्रेण्यांना दहा प्रकार. मोठी बशी, लहान बशी, मग दांड्याच्या बुडाची मधली बशी. सातवा 'रोसोकु', मेणबत्ती : अणी चिमटीत धरून दांडा उलटा करायचा आणि चेंडू बुडाच्या बशीत घ्यायचा. सहावा 'तोमेकेन' : लोंबकळता चेंडू सरळ वर ओढून अणीवर ओवायचा. पाचवा 'हिकोकी', विमान : चेंडू हातात धरून दांडाच फिरवायचा आणि अणी छिद्रात उतरवायची. चौथा 'फुरिकेन' : चेंडू पुढे झुलवून, हवेत त्याची एक गिरकी होऊ देऊन, अणीवर घ्यायचा. तिसरा 'निहोन इश्शू', जपानची प्रदक्षिणा : लहान बशी, मोठी बशी, अणी. दुसरा 'सेकाई इश्शू', जगाची प्रदक्षिणा. जपानच्या प्रदक्षिणेहून तिच्यात एक बशी अधिक, एवढेच. आणि पहिला 'तोदाई', दीपस्तंभ : चेंडू हातात, त्याच्या माथ्यावर दांडा उभा.

नोव्हेंबरच्या एका शनिवारी माझा पहिला तोमेकेन साधला. अणी छिद्रात शिरताना लाकडावर लाकूड बसल्याचा जो लहानसा, घट्ट आवाज होतो, तो ऐकून दहाही मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री मी अत्यंत गंभीरपणे विचार करू लागले : आता पुढे कोणता प्रकार शिकावा?

हा प्रश्न मी ज्या गांभीर्याने घेतला त्याचे आज हसू येते. पण प्रौढ नवशिक्याची अडचण समजून घ्यायला हवी. मुलाला वेळ अमाप असतो. ते काहीही उचलते, काहीही टाकते. प्रौढाला प्रत्येक निवडीबरोबर न निवडलेल्या गोष्टींचाही हिशेब दिसू लागतो. माझ्यापुढे तीन उमेदवार होते.

पहिला अर्थातच विमान. तक्त्यात तोमेकेननंतर तोच येतो, आणि तक्ता करणाऱ्यांनी काही विचार केला असणार. विमानाच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती : त्यात भूमिका बदलतात. एरवी दांडा स्थिर आणि चेंडू भ्रमणशील. येथे चेंडू घर होतो आणि दांडा प्रवासाला निघतो. तुलनेच्या अभ्यासकाला असे उलटून पाहणे आवडते.

दुसरा उमेदवार दहा श्रेण्यांच्या यादीत नव्हताच. त्याचे नाव 'उगुइसू'. चेंडूच्या छिद्राची कड मोठ्या बशीच्या काठावर टेकवायची आणि चेंडू दांड्याला रेलून तसाच अधांतरी ठेवायचा. झेलणे नाही, ओवणे नाही, केवळ टेकणे. एका मोठ्या मुलाने तो करून दाखवला तेव्हा फांदीवर पाखरू बसले आहे असा खरोखरच भास झाला. उगुइसू हा वसंताची वर्दी देणारा लहानसा, मातकट हिरवा पक्षी. दहाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेल्या 'कोकिन्शू' या काव्यसंग्रहाच्या प्रस्तावनेत त्याच्या गाण्याचा उल्लेख आहे, आणि पुढे हजार वर्षे जपानी कवितेत तो गात आला आहे. इंग्रजी अनुवादकांनी त्याचा पुष्कळदा नाइटिंगेल केला. मराठीत आणायचा तर हात आपोआप 'कोकिळा' या शब्दाकडे जातो, कारण वसंतात गाण्याचे काम आपल्याकडे तिच्याकडे आहे. पण तसे केले तर मोठाच घोटाळा होईल. जपानमधला 'होतोतोगिसू' हा कोकिळेच्या कुळातला पक्षी आपली अंडी उगुइसूच्याच घरट्यात घालतो. 'मान्योशू'तील एका कवितेतही ते नोंदलेले आहे. म्हणजे उगुइसूला कोकिळा म्हणणे हे यजमानाला घुसखोराचे नाव देणे होय. असा पक्षी, असे नाव, असा इतिहास. तो प्रकार शिकावा असे मला का वाटले असेल ते सांगायला नको. तो माझ्या आवाक्याबाहेरचा आहे ही गोष्ट त्या रात्री मला गौण वाटली.

तिसरा उमेदवार 'मोशिकामे'. मोठी बशी आणि मधली बशी यांवर चेंडू आळीपाळीने, न थांबता, एका लयीत घेत राहायचे. नाव आले आहे ससा आणि कासव यांच्या एका बालगीताच्या आरंभीच्या शब्दांवरून. हे गीत १९०१ साली प्रसिद्ध झाले आणि शाळाशाळांतून पसरले. मुले ते गुणगुणत चेंडू नाचवतात. गोष्ट इसापची. इसापच्या कथा जपानी भाषेत प्रथम छापल्या गेल्या त्या १५९३ साली, आमाकुसा बेटावर, रोमन लिपीत. ज्या जेझुइट छापखान्यावर त्या छापल्या तो युरोपातून गोव्यामार्गे जपानला आला होता. त्यानंतर तेवीस वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यात रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. भाषा मराठी, लिपी पुन्हा रोमनच. हा सारा पट डोळ्यांपुढे उलगडला आणि मला वाटले, मोशिकामे शिकणे हे माझे जवळजवळ शास्त्रीय कर्तव्यच आहे.

माझ्या निवडीमागील कारणे वाचकांच्या लक्षात आली असतील. त्यांपैकी एकाही कारणाचा माझ्या हाताशी किंवा गुडघ्यांशी संबंध नव्हता.

पुढच्या शनिवारी मी सेन्सेईंना विचारले, 'पुढे कोणता शिकू?' त्यांनी उत्तर दिले नाही. भिंतीवरच्या परीक्षेच्या तक्त्याजवळ मला नेले आणि एका ओळीवर बोट ठेवले. मी तो तक्ता अनेकदा पाहिला होता, पण वरून खाली, म्हणजे प्रकारांची यादी म्हणून. ते आडवे वाचत होते. प्रत्येक प्रकारासाठी दहा प्रयत्न मिळतात. जो प्रकार त्या श्रेणीत नवा असतो तो दहांत एकदा साधला तरी चालते. त्याच्या आधीचे प्रकार मात्र अधिक वेळा साधावे लागतात. नव्याबद्दल तक्ता उदार आहे. जुन्याबद्दल तो हिशेबी आहे. सेन्सेईंचे बोट नव्या प्रकारावर नव्हते, त्याच्या आधीच्या रकान्यांवर होते. मग त्यांनी विचारले, 'ओझारा दहांत किती?'

मला ठाऊक नव्हते. मी म्हणाले, 'तो तर येतो.' त्यांनी मान हलवली आणि ते एका मुलाची दोरी सोडवायला निघून गेले.

त्या आठवड्यात मी एक वही केली. रोज संध्याकाळी प्रत्येक प्रकाराचे दहा प्रयत्न, आणि साधले किती त्याची नोंद. महिनाभराने सरासरी काढली. मोठी बशी दहांत आठ. लहान बशी पाच. मधली चार. मेणबत्ती तीन. तोमेकेन एक, कधी एकही नाही. आणि या भांडवलावर मी उगुइसूची स्वप्ने पाहत होते. पाचही प्रकार मला 'येत' होते, कारण प्रत्येक प्रकार एकदा तरी साधला होता आणि टाळ्या मिळाल्या होत्या. एकदा टाळ्या मिळाल्या की मी त्या प्रकाराकडे पाठ फिरवीत असे आणि पुढच्याकडे वळत असे.

'येणे' या क्रियापदाचा मी त्यानंतर बराच विचार केला. मराठीत आपण 'मला बंगाली येते' असे म्हणतो. हिंदीतही भाषा येतेच. कन्नडमध्येही 'बरुत्तदे', म्हणजे येते. आपल्या या भाषांत कौशल्य हे आपण मिळवलेले, कमावलेले असे बोलले जात नाही. ते आपल्याकडे येते, आपण 'मला' म्हणून चतुर्थीत बाजूला उभे असतो. मला वाटत असे की हे केवळ आपल्याकडेच आहे. पण जपानी भाषेत 'जमणे' यासाठी 'देकिरु' हे क्रियापद आहे, आणि ते ज्या दोन चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ 'बाहेर' आणि 'येणे' असा होतो. तेथेही काहीतरी बाहेर येते. या बोलण्यात एक सुंदर नम्रता आहे, आणि एक पळवाटही आहे. पाहुणा दहा आमंत्रणांपैकी एकदा आला, तर 'तो आमच्याकडे येतो' असे म्हणता येते. व्याकरणदृष्ट्या ते वाक्य निर्दोष आहे.

आता त्या परीक्षकांविषयी.

माझा प्रबंध बंगाली आणि मराठी कादंबरीवर होता. एका बाजूला हरिभाऊ आपट्यांची १८९० पासून क्रमशः आलेली 'पण लक्षात कोण घेतो?', दुसऱ्या बाजूला रवींद्रनाथांची १९०३ मधील 'चोखेर बाली', आणि दोहोंमधील संसारात गुदमरणाऱ्या स्त्रियांची मने. बंगाली मी त्यासाठीच शिकले. दोन वर्षे, मन लावून. प्रबंधात एके ठिकाणी बंगाली नायिकेच्या 'अभिमाना'विषयी मी दीड पान लिहिले होते : ती नवऱ्याशी बोलत नाही, यात तिच्या स्वत्वाची जाणीव कशी प्रकट होते, आणि मराठी नायिकेजवळ ही जाणीव कोणत्या रूपाने आढळते, असे. बंगाली वाचकांना येथेच चूक दिसली असेल. बंगालीत 'अभिमान' म्हणजे आपला अभिमान नव्हे. ज्याच्यावर माया आहे त्याने दुखावले असता मनात दाटून येणारा जो रुसवा, ज्यात राग आहे पण तुटणे नाही, आणि समजूत घातली जाईल ही आशा आहे, तो अभिमान. परक्या माणसावर तो करताच येत नाही. मी ज्याला स्वातंत्र्याची पहिली खूण म्हटले होते ती प्रत्यक्षात नात्याची शेवटची मागणी होती.

आणि खरी गोष्ट ही की हा अर्थ मला ठाऊक होता. दुसऱ्या महिन्यातच तो आम्हांला शिकवला होता. शब्दांच्या वहीत मी तो लाल शाईने लिहिला होता. परीक्षेत मी तो बरोबर लिहिला असता. कदाचित लिहिलाही असेल. पण कादंबरीच्या ओघात, रात्री उशिरा, पान मागून पान उलटताना, तो शब्द समोर आला आणि माझा कान त्याला घेऊन मराठीत गेला, झाऱ्याला घेऊन गेला तसाच. एकदा साधलेला अर्थ पुन्हा साधेलच असे नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते.

परीक्षक बंगाली होते, वृद्ध होते. मौखिक परीक्षेत त्यांनी या दीड पानाविषयी एक शब्द काढला नाही. प्रबंधाची त्यांच्याकडील प्रत नंतर माझ्या हाती आली तेव्हा 'अभिमान' या शब्दाभोवती पेन्सिलीने काढलेले एक लहान वर्तुळ दिसले. बाजूला काही लिहिलेले नव्हते. मला पदवी मिळाली. त्या दीड पानाचा पुढे मी विस्तार केला नाही, ते कोठे छापलेही नाही. पण बंगाली कादंबरीकडे परत जाऊन तो शब्द पुन्हा एकदा, दहादा, पन्नासदा वाचावा असेही केले नाही. मी कन्नडकडे वळले. कन्नडमध्ये एकदा टाळ्या मिळाल्यावर आणखी पुढे गेले. आज माझ्या परिचयपत्रात सहा भाषा आहेत, आणि प्रत्येक भाषा मला येते.

डिसेंबरात, वही भरत असतानाच, एका आगामी ग्रंथाच्या संपादकांचे पत्र आले. मी जपानात आहे, तेव्हा 'कागेरो निक्की' आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' यांवर तुलनात्मक लेख लिहावा, असे त्यांनी सुचवले होते. विषय मोहक होता. 'कागेरो निक्की' ही दहाव्या शतकातील दैनंदिनी. लेखिका इतिहासाला 'मिचित्सुनाची आई' एवढ्याच नावाने ठाऊक आहे. नवरा मोठा सरदार, अनेक घरी जाणारा. ही वाट पाहते, रुसते, दार उघडत नाही, आणि न उघडल्याबद्दल पुन्हा झुरते. अनुवाद वाचताना पानोपानी मला वाटत होते, हाच तो बंगाली अभिमान. लेखाचे शीर्षकसुद्धा सुचले होते. उगुइसू पुन्हा फांदीवर येऊन बसला होता.

हेइआनकालीन जपानी भाषा मला दहांत किती? शून्य. आधुनिक जपानी भाषेत मी मुलांबरोबर गुडघ्यांविषयी बोलू शकते. म्हणजे मी तो लेख इंग्रजी अनुवादावरून लिहिला असता, मूळ शब्द कोशातून घेऊन रोमन अक्षरांत दोनचार ठिकाणी पेरले असते, आणि वाचकाला वाटले असते की बाई मूळ वाचून बोलत आहेत. यातले काहीच खोटे ठरले नसते.

येथे सहकाऱ्यांचा आक्षेप मला ऐकू येतो, आणि तो बिनतोड आहे. अनुवादावाचून तुलना करायचीच नाही असे ठरवले तर आपला विषय उद्या बंद करावा लागेल. भारतीय साहित्याविषयी समग्रतेने बोलू पाहणारा कोणता अभ्यासक सर्व भाषा मुळातून वाचतो? मातृभाषेत तरी आपण कोठे दहांत दहा आहोत? ज्ञानेश्वरीच्या दहा ओव्या माझ्यापुढे ठेवल्या आणि टीपा झाकल्या, तर मी सहासात ओव्यांचा अर्थ छातीठोकपणे सांगेन, त्याहून अधिक नाही. पूर्णतेची अट घातली तर कोणी पहिले पाऊलच टाकणार नाही.

हे सर्व खरे आहे, आणि हात्सुकाइचीचा तो तक्ताही हेच म्हणतो. तो पूर्णता मागत नाही. मोठी बशी दहांत दहा झाल्याखेरीज लहान बशीला हात लावू नका, असे तेथे लिहिलेले नाही. नवा प्रकार दहांत एकदा साधला तरी तो तुम्हांला वरची श्रेणी देतो; नवशिक्याच्या एका यशावर एवढा विश्वास आमच्या विद्यापीठांतही कोणी टाकत नाही. त्याची अट एकच : नव्याचे एक मांडताना जुन्याचे किती झाले तेही मांडा, आणि ते वाढलेले असू द्या. आमच्या व्यवसायात ही अट नाही. आम्हांला आधीचे रकाने कोणी विचारत नाही. दहांत एकदा साधणे हा दोष मुळीच नाही; तो तर प्रत्येक आरंभाचा आकडा आहे. दोष आहे तो आकडा न सांगता 'येते' म्हणण्यात, आणि त्या 'येते'वर पुढचा मजला चढवण्यात.

मी संपादकांना लिहिले की 'कागेरो'वरचा लेख माझ्याकडून होणार नाही. मला ती भाषा येत नाही. हे शेवटचे वाक्य लिहायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. त्याऐवजी बंगालीतील 'अभिमान' आणि मराठीतील 'रुसवा' या दोन शब्दांवर लिहू देत असाल तर दीड वर्षाची मुदत द्यावी, आणि लेखाच्या आरंभी माझ्या जुन्या चुकीची हकीकत देण्याची परवानगी असावी, असेही कळवले. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. आले नाही तरी 'चोखेर बाली' मी मागवली आहे. या वेळी तो शब्द जेथे जेथे येईल तेथे थांबायचे, कान कोणत्या घरी गेला ते पाहायचे, आणि वहीत नोंद करायची, असे ठरवले आहे. ते परीक्षक आता हयात नाहीत. पेन्सिलीच्या त्या वर्तुळाचे उत्तर उशिरा का होईना, द्यायचे आहे.

राहिला प्रश्न पुढच्या प्रकाराचा. जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी मी सेन्सेईंना वही दाखवली. त्यांनी आकडे पाहिले, आणि महिन्यापूर्वी न दिलेले उत्तर आता दिले : 'विमान शिकायला हरकत नाही. पण रोज ओझारापासून सुरुवात करा.' आमच्याकडे गवई कितीही मोठा झाला तरी सकाळी षड्ज लावतो, हे मी त्यांना माझ्या तुटपुंज्या जपानीत सांगू पाहिले. वाक्य अर्ध्यावर मोडले. ते त्यांना कितपत कळले कोण जाणे. त्यांनी मान हलवली, आणि मी त्या संभाषणाचा आकडा वहीत लिहिला नाही.

मग मी लहान बशी वर धरली आणि दहा प्रयत्न केले. सहा साधले. सातवा जाताना बाजूने तो ओळखीचा आवाज आला, 'हिझा', आणि माझ्या लक्षात आले की मी चेंडूकडे पाहतच नव्हते. भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत होते.